काचेतलं नाव

९ फेब्रुवारी

लेकीने आज ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "आई, जे जे कुणाला तरी सांगावंसं वाटेल ते हिच्यात लिही. गिऱ्हाइकांना सांगत बसू नकोस." तिचं म्हणणं असं की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आता माझं दुकान तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं, समोर बाळंतपणाचं हॉस्पिटल. दिवसभर बायका येणार, स्टुलावर टेकणार, बोलणार. मी काय तोंडाला दोरा घालून बसू? पण लेकीला सहावा महिना चालू आहे. तिच्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलंय, म्हणून मुकाट्याने वही घेतली.

वही का दिली ते मग कळलं. दोघांनी बाळाचं नाव ठरवलंय. मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल असं. जावई आठ दिवसांनी बोटीवर जाणार, म्हणून जायच्या आधी मला नि ह्यांना सांगायला आले होते. असं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. लेक म्हणाली, कम्प्युटरवर शोध शोध शोधलं, कुणाचंच नाही. मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही आणि कुठे लिहायचंही नाही, या वहीतसुद्धा नाही. म्हणून लिहीत नाही.

नाव छान आहे. फक्त मला म्हणता येत नाही. समोरचे दात गेल्यापासून कवळी आहे, आणि त्या नावातलं पहिलं अक्षर उच्चारलं की कवळी शीळ घालते. शिवाय मधलं अक्षर मी ओढते म्हणे. "आई, ओढू नकोस गं, हळूच सोड." मी परत म्हटलं. परत शीळ. हे बसल्या जागी हसत होते. जावई बिचारे म्हणाले, "जमेल आई, अजून वेळ आहे." लेक नाही हसली.

१७ फेब्रुवारी

कालपासून काच रिकामी आहे. दर्शनी काचेत मी नेहमी एक दुपटं टांगते, वर साखळी टाक्यात बाळाचं नाव. ते बघूनच लोक आत येतात. गेलं वर्षभर जे होतं त्या नावाच्या बाळाची आजी काल तणतणत आली. आमच्या नातवाचं नाव चारचौघांत का टांगलंय? अहो, त्या नावाची तीनशे मुलं असतील! पण कोण ऐकतंय. उतरवलं.

आता प्रश्न असा, की ज्यावर कुणीच भांडायला येणार नाही असं नाव आणायचं कुठून? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अबक शिव." ह्यांना इस्त्रीपलीकडे काही सुचत नाही.

आणि मग दुपारी एकदम सुचलं. कुणाचंच नाही असं नाव मला माहीत आहे की!

१९ फेब्रुवारी

शिवलं. फिकट निळ्या कापडावर केशरी दोऱ्याने. अक्षरं अशी काही वळतात की हात थांबवूच नये. काचेत काय दिसतंय! लेकीने सांगायचं नाही म्हटलं होतं, मी कुणाला सांगितलेलं नाही. लिहायचं नाही म्हटलं होतं, मी लिहिलेलं नाही. शिवण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. शिवाय नातवंडाच्या खऱ्या दुपट्यासाठी हात बसायला हवाच ना.

ह्यांनी इस्त्री करताना चष्म्यावरून बघितलं. "लेकीला विचारलंस?" मी म्हटलं, तिला सरप्राईज. त्यावर हे परत इस्त्री फिरवायला लागले. म्हणजे पटलं असणार.

२ मार्च

आज एक जोडपं काचेपुढे बराच वेळ उभं होतं. तिचे दिवस अगदी भरत आलेले, जाड चष्मा, एक हात कमरेवर. आत येऊन विचारते, "मावशी, ते नाव आहे की कंपनी?"

"नाव आहे."

"कुणाचं?"

"अजून कुणाचंच नाही," मी म्हटलं. यात खोटं काय आहे?

तिने दोनतीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. नवऱ्याने वेगळंच म्हटलं. मग मला विचारलं, नक्की म्हणतात कसं? दुकानात बसल्यावर माहीत नाही म्हणून कसं चालेल? मी म्हणून दाखवलं, शीळ नि ओढ सगळं आलं. दोघांनी हुबेहूब तसंच म्हटलं. "किती वेगळं आहे नाही?" ती म्हणाली. "ती सुरुवातीची शीळ किती गोड वाटते."

एक दुपटं, एक टोपी सांगून गेली, त्याच नावाची. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. पण दारात आलेलं गिऱ्हाईक मी कधी परत पाठवलेलं नाही, आणि या वयात ती सवय कुठे लावून घेऊ? आणि दुपटं बघून कुणी मुलाचं नाव ठेवतं का!

१३ मार्च

ठेवतात. समोरची सिस्टर चहा घ्यायला आली होती. म्हणाली, चष्मेवालीला मुलगी झाली, आणि नाव तुमच्या काचेतलं ठेवलं. मी चहा गाळता गाळता थांबले. मग विचार केला, एक तर एक. जगात एक तरी असायचीच. एकटं नाव एकटं पडतं.

२१ मार्च

आज गंमतच झाली. मागच्या आठवड्यात एक घाईतले गृहस्थ काचेतलंच दुपटं उतरवून घेऊन गेले होते, भाचीच्या बाळाला भेट द्यायला. मी म्हटलं, अहो, वर नाव आहे. म्हणाले, असू दे, छान दिसतंय. आज ती भाची बाळाला घेऊन आली. दुपट्यावर नाव आहेच, तर वाया का घालवा म्हणून त्यांनी बाळाचं तेच ठेवलंय! मुलगा आहे. असा गुबगुबीत, की मांडीवरून खाली ठेवावासा वाटेना. मी काचेत लगेच दुसरं शिवून टांगलं.

काचेत टांगलेलं माझं काही पडून राहत नाही, हे मात्र खरं. लेक लहान होती तेव्हा तिचा प्रत्येक नवा फ्रॉक आधी आठवडाभर काचेत असे. मग तो ती घालायची. तोवर तिच्या वर्गातल्या चारपाचजणींनी तस्साच शिवायला टाकलेला असे. शाळेच्या समारंभात माझ्या हातचे फ्रॉक ओळीने उभे असायचे. ऊर भरून यायचा माझा.

२९ मार्च

या आठवड्यात त्याच नावाची आणखी तीन दुपटी गेली. केशरी रीळ संपलं. आज तर वॉर्डातल्या दोघींचं भांडण लागलं म्हणून सिस्टरने त्यांना माझ्याकडेच पाठवलं. एक म्हणे मधलं अक्षर तोडायचं, दुसरी म्हणे ओढायचं. दोघींचे नवरे मागे पिशव्या धरून उभे. मी न्यायनिवाडा केला. ओढायचं. दोघी म्हणून म्हणून पक्कं करून गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं नाही, शिकवावं लागतं.

सिस्टर म्हणाली, "मावशी, आता आमच्याकडे सगळे तुमच्यासारखंच म्हणतात." लेक मला म्हणायची, तुला जमतच नाही! आता बोल म्हणावं.

पण हे तिला सांगता यायचं नाही, ते मात्र लक्षात आलं नव्हतं. आत्ता लिहिताना आलं.

११ एप्रिल

लेक उद्या येणार. हॉस्पिटल समोर आणि जावई समुद्रावर, म्हणून बाळंतपणाला इथेच. मी आज काचेतलं दुपटं उतरवलं, घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली, ह्यांच्या जुन्या स्वेटरांच्या मागे ठेवलं. काचेत नुसत्या फुलांच्या वेलीचं एक टांगलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. हे शटरला तेल घालत होते. म्हणाले, "आता उतरवून काय उपयोग?"

"मग आधी का नाही बोललात?"

"विचारलं होतं की, लेकीला विचारलंस का म्हणून."

यांचं बोलणं असं तोकडं, आणि नंतर शहाणे हेच.

१२ एप्रिल

आली. पाय सुजलेत, बाकी तेज काय सांगू! दिवसभर दुकानात माझ्याशेजारी बसली. बॉबिन भरून दिल्या, बटणं रंगांप्रमाणे लावली. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा पोटावर हात ठेवून ते नाव हळूच म्हणत होती. तिच्या तोंडी ते अगदी वेगळं लागतं, थंड पाण्यासारखं. सांगून टाकावं असं वाटलं. मग वाटलं, आज नको, आजच तर आली आहे. उद्याही नकोच.

२४ एप्रिल

लेक तपासणीला गेली होती. मी दुकान सोडून जायला हवं होतं, पण एकीची टोपी अर्धी राहिली होती. तपासणी आणि बाळांची इंजेक्शनं एकाच बाकावर चालतात, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही!

चपला न काढता ती आत आली आणि पलंगावर बसून रडायला लागली. बाकावर बसली होती, तर काउंटरवरच्या बाईने तेच नाव पुकारलं. हिला वाटलं, आपल्याच बाळाचं नाव कुणी सांगितलं की काय, म्हणून उठून उभी राहिली. तर शेजारची बाई बाळ घेऊन पुढे गेली. थोड्या वेळाने परत तेच नाव. तिसरीच बाई उठली.

"आई, असं कसं झालं? आणि म्हणतात कसं, माहितीये? शीळ घालून. मधलं अक्षर ओढून. अगदी तुझ्यासारखं."

मी म्हटलं, "टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेत आलं असेल. मालिकांतली नावं अशीच पसरतात."

तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डोळे पुसून हात-पाय धुवायला गेली. तिला पटलं बहुतेक.

२६ एप्रिल

नव्हतं पटलं. आणि पटलं असतं तरी आज उपयोग नव्हता. सकाळी लेक काउंटरवर सुईत दोरा ओवत बसली होती आणि ती चष्मेवाली पोरीला घेऊन दारात उभी. "मावशी, काचेतलं नाव काढलंत होय? माझ्या नणंदेला पण तेच ठेवायचंय, दुपटं हवं होतं. सगळ्यांना सांगते मी, हे नाव या मावशींचं आहे, मी फक्त पहिली घेतली."

लेकीने सुई टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली. चष्मेवालीशी हसून बोलली, बाळाचं कौतुक केलं. ती जाईपर्यंत सगळं नीट. मग म्हणाली, "किती जणांना दिलंस?"

मी मोजलं नव्हतं. अंदाजाने सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलली. "आई, माझा एक तरी फ्रॉक आठवतो का तुला, जो वर्गात दुसऱ्या कुणीच घातला नव्हता? एक? माझ्या वाढदिवसाला मी घरी आल्यावर कपडे बदलायचे. कारण आलेल्या चार मुली माझ्याच फ्रॉकमध्ये असायच्या. मला एक, फक्त एक गोष्ट अशी हवी होती की जी आधी काचेत टांगलेली नसेल."

मी म्हटलं, "अगं, मला वाटायचं तुला अभिमान वाटतो."

"माहितीये," ती म्हणाली, आणि वर घरात जाऊन झोपली.

मला फार वाईट वाटतंय. लपवून काय लिहू? दुपारी दोन गिऱ्हाइकं आली, दोघींशी मी धड बोलले नाही. ह्यांनी न सांगता माझ्यापुढे चहा आणून ठेवला.

२८ एप्रिल

अबोला नाही. पाणी दे म्हणते, औषध कुठे ठेवलं विचारते. पण जेवढ्यास तेवढं. आज जावयांचा बोटीवरून व्हिडिओ कॉल आला. त्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणाले, "आई, तुमचा धंदा म्हणजे काय जोरदार! आम्ही दोघं तीन महिने नाव शोधत होतो, तुम्ही सात आठवड्यांत गावभर केलंत." मी हसले, आणि हसताना लेकीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

कॉल संपल्यावर म्हणाली, "आई, मी रागावले नाहीये. म्हणजे आता नाहीये. पण ते नाव आता आमचं राहिलं नाही. ज्याला त्याला तू शिकवलंस तसंच ते म्हणतात. ते तुझं झालं. आम्ही दुसरं बघू."

"बघा ना," मी म्हटलं. "मी मदत करते."

"नको! आणि ठरलं तरी तुला सांगणार नाही."

"कधीपर्यंत?"

"बघू."

बघू हा शब्द मी गिऱ्हाइकांकडून ऐकलाय. त्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे.

२१ मे

मुलगी! काल पहाटे सुरू झालं आणि दुपारच्या जेवणाआधी मोकळी झाली. मी दुकान उघडलंच नाही, हेही शटरवर पाटी लावायचं विसरले. सिस्टरने पोरीला माझ्या हातात दिलं तेव्हा मी आधी हातापायांची बोटं मोजली. कान ह्यांच्यासारखे, बाहेर आलेले. बोटं लांबसडक. शिवणकामाची बोटं आहेत. हे मी मोठ्याने म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

सिस्टरने फाइल काढून विचारलं, नाव ठरलंय का? लेकीने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "सध्या नुसतं बाळ लिहा."

६ जून

नातीसाठी दुपटं शिवलंय, मऊ, पांढरं. वरची जागा कोरी सोडलीय.

लेकीला एकाएकी वर्तमानपत्राची गोडी लागलीय. पोरीला पाजताना डोळे मिटून बसते आणि म्हणते, आई, वाच ना मोठ्याने. मी वाचते. हवामान, खेळ, कुठे रस्ता खचला, कुठे पूल झाला. मधूनच म्हणते, "हा शब्द परत वाच." मी परत वाचते. कवळीने शीळ घातली की तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडते, नीट आलं की आठी जाते. आज 'मोगरा' तीनदा वाचायला लावला, 'गावकरी' दोनदा. शेतीमालाच्या बातमीत काय एवढं ऐकण्यासारखं आहे, देव जाणे. पण मला बरं वाटतं. पूर्वी मी बोलायला लागले की ती उठून जायची.

ह्यांना म्हटलं, लेकीला बातम्यांत किती रस आहे बघा. हे म्हणाले, "तिला बातम्यांत रस नाही."

"मग कशात आहे?"

हे शटर ओढायला गेले.

१५ जून

जो येतो तो विचारतो, नातीचं नाव काय ठेवलं? मी म्हणते, अजून ठरलं नाही. बायका एकमेकींकडे बघतात. गावभर नावं वाटणारी बाई, आणि घरातलं बाळ बिननावाचं!

मी अंदाज घेऊन पाहिला. पोरीला मांडीवर घेऊन एकेक नाव म्हणत गेले, एक डोळा लेकीच्या चेहऱ्यावर. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. वीसेक नावांनंतर म्हणाली, "आई, पोलिसात जायला हवं होतंस."

दाताच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. कवळी टोचत होती, त्याने एका बाजूने घासून दिली.

२३ जून

आज कळलं, ह्यांना नाव माहीत आहे! मी जिन्यावर होते. हे पाळण्याशी काहीतरी गुणगुणत होते, आणि माझं पाऊल वाजल्याबरोबर गप्प. विचारलं तर कबूल केलं. लेकीने ह्यांना आठ दिवसांपूर्वीच सांगितलं. मला नाही, ह्यांना!

"एकदा, एकदाच सांगा," मी म्हटलं. "पहिलं अक्षर तरी."

"माझ्या तोंडात तीळ महिनाभर भिजतो," हे म्हणाले.

या माणसाच्या तोंडून इतक्या वर्षांत वाक्य बाहेर काढायला मला हाताला धरून ओढावं लागलंय, आणि आज हाच माणूस मला ऐकवतो. राग आला, तरी हसूही आलं. दुपारी सिस्टर विचारत होती, ते जुनं नाव अजून चालतंय, काचेत परत लावणार का? आमच्या वॉर्डातल्या दोन नव्या बायका बघायला आल्या होत्या. मी नाही म्हटलं. ज्यांनी ठेवलंय त्यांना दुपटं शिवून देईन, पण काचेत नाही. सिस्टर म्हणाली, बरं नाही का वाटत? बरं होतं मला. अगदी ठणठणीत.

४ जुलै

आज मला इतका आनंद झालाय!

जावई परवा बोटीवरून उतरतायत. लेक सामान आवरत होती. एकदम म्हणाली, "आई, दार लावून घे आणि इकडे ये." पोरीला माझ्या मांडीवर दिलं, समोर बसली, आणि नाव सांगितलं. एकदाच. म्हणाली, "आता तू म्हण."

मी घाबरले. खरंच घाबरले. मागचं सगळं आठवलं. शीळ, ओढ, बाकावर बसून ऐकलेलं ते पुकारणं. एक श्वास घेतला आणि म्हटलं.

पहिल्याच खेपेला आलं! स्वच्छ. ना शीळ, ना ओढ. परत म्हटलं, तरी तसंच. कवळी जागची हलली नाही. घासून दिलीय ना, त्याचा गुण. डॉक्टर तरुण आहे पण हात चांगला आहे, सगळ्यांना त्याच्याकडेच पाठवायला हवं. मी लेकीला तसं सांगितलं. म्हटलं, बघ, आधीच घासून घेतली असती तर पहिलं नावही नीट म्हटलं असतं.

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "परत म्हण," म्हणाली. मी म्हटलं. "अस्संच. मला तुझ्या तोंडून अस्संच ऐकायचं होतं." यात रडण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. बाळंतपणानंतर बायकांना असं होतं, आपोआप जातं. मी तिला जवळ घेतलं, पोर मध्ये चेंगरली आणि किंचाळली.

साधं नाव आहे. या खेपेला फार वेगळं नाही घेतलं त्यांनी. पण कुणी विचार करून करून ठेवावं असं आहे, आणि म्हणायला लोण्यासारखं मऊ.

८ जुलै

जावई आले, उद्या सगळे जाणार. आज दुपारी मी दुकानात नातीचं दुपटं घेऊन बसले होते, आणि कोऱ्या जागेवर भरतकामाची रिंग लावली होती. लेक आतल्या खोलीत पोरीला झोपवत होती, मधे नुसता पडदा. तेवढ्यात चष्मेवाली आली. मी दुपटं उलटं करून मांडीखाली सरकवलं.

तिची नणंद बाळंत झाली, मुलगी. आता काचेतलं नाव नको म्हणते, फार झालीत म्हणे. "तुमच्या नातीचं काय ठेवलंत मावशी? तुमची निवड म्हणजे प्रश्नच नाही. जे तुमच्या नातीचं तेच आम्ही ठेवू, आणि चार दुपटी, दोन टोप्या आत्ताच सांगून जाते."

ते नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. चार दिवस ते तिथेच आहे. मशीनवर पाय ठेवला की त्याच्या तालावर पाय हलतो. पुढे झुकून, आवाज बारीक करून सांगायचं, कुणाला बोलू नका हं म्हणायचं, यात जी मजा असते ती मला ठाऊक आहे. चष्मेवाली पण झुकली होती. पडद्यामागचं थोपटणं थांबलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"अहो, तुम्ही आजी!"

"आजीलाच तर सांगत नाहीत. तुम्हाला कुठून कळलं तर मला येऊन सांगा."

ती हिरमुसली. दुपटं न सांगताच गेली. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलेलं माझ्या दुकानाने आज पहिल्यांदा बघितलं. हे इस्त्री टेकवून माझ्याकडे बघत राहिले.

लेक पडदा सारून बाहेर आली. पोर खांद्यावर. "आई, खरंच नाही सांगितलंस."

"काय सांगणार?" मी दुपटं मांडीखालून काढलं आणि सुई शोधायला लागले. "मला कुठे माहीत आहे?"

ती इतकी हसली, की नात दचकून जागी झाली आणि तिला परत झोपवण्यात आम्हा दोघींची उरलेली दुपार गेली.